ॲसिट्रॉममुळे रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचतं का? काउंटरवर लोकांना काय सांगावं?

परळी_मेडिकल

नमस्कार. हृदयरोग, लॅब आणि आहार अशा तिन्ही बाजूंची माणसं या गटात आहेत, म्हणून इथं विचारतोय.

सध्या मोबाइलवर एक व्हिडिओ फिरतोय. रक्त पातळ करायच्या गोळीनं नसांमध्ये कॅल्शियम बसतं, नसा दगडासारख्या होतात, त्यावर 'के-टू' (व्हिटॅमिन के२) घ्या, असा त्याचा मथितार्थ. तो बघून काउंटरवर येणारे लोक तीन तऱ्हेचे आहेत. काहींना फक्त इकोस्प्रिन (ॲस्पिरिन) चालू आहे आणि तीच बंद करू का म्हणून विचारतात. काहींची झडप बदललेली आहे, ॲसिट्रॉम (गुठळी धरू न देणारी गोळी) वर्षानुवर्षं चालू आहे. आणि काही सत्तरीपुढचे, ठोके अनियमित म्हणून ॲसिट्रॉमवर ठेवलेले.

एक केस नेमकी सांगतो. बाई, वय ५६, हृदयातल्या मायट्रल झडपेच्या जागी धातूची झडप. ॲसिट्रॉम एक दिवस २ मिलिग्रॅम, दुसऱ्या दिवशी ३. मागचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) २.८, आताचा १.७. गोळी चुकलेली नाही. हिरवी भाजी कुणीतरी सांगितलं म्हणून पूर्ण बंद, तरीही आकडा खाली. सव्वा महिन्यापासून गुडघ्यासाठी कॅल्शियमची नवी गोळी सुरू आहे आणि तिच्या डब्यावर डी३ च्या पुढं 'के२-७' छापलंय.

कॅल्शियम साचण्याची गोष्ट खरी आहे की अफवा? खरी असेल तर कुणाची गोळी बदलता येते? आणि या बाईंना आज काय सांगू?

हृदयरोग_लातूर

आधी त्या बाईंचं, कारण ते थांबण्यासारखं नाही. मायट्रलच्या धातूच्या झडपेला आयएनआर साधारण २.५ ते ३.५ लागतो. १.७ म्हणजे झडपेवर गुठळी धरू शकते. आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावून द्या, दोन्ही आयएनआर आणि कॅल्शियमच्या गोळीचं पूर्ण नाव वाचून दाखवा. मधल्या काळात हेपरिनची (गुठळी रोखणारी) इंजेक्शनं द्यायची की नाही, हे ते ठरवतील. दम लागतोय का, एका बाजूचा हात-पाय जड पडलाय का, बोलणं अडखळतंय का, आणि झडपेचा नेहमीचा टकटक आवाज बारीक किंवा दबका झालाय का, एवढं विचारा. यातलं एक जरी 'हो' आलं तर फोनवर वेळ न घालवता थेट दवाखान्यात.

आकडा त्या के२-७ मुळेच उतरला असण्याची दाट शक्यता आहे. के२-७ हा व्हिटॅमिन के चाच प्रकार, आणि व्हिटॅमिन के ॲसिट्रॉमचा असर कमी करतं. आता इथं एक फसगत होते, ती नीट लक्षात घ्या. के२-७ शरीरात बरेच दिवस टिकतं. ते बंद केलं आणि त्याच दिवशी ॲसिट्रॉमही वाढवली, तर आठ-दहा दिवसांनी के२ ओसरतं, वाढवलेली गोळी तशीच राहते आणि आयएनआर ४-५ वर जाऊन रक्तस्राव होतो. म्हणून एक तपासणी तीन-चार दिवसांनी आणि दुसरी त्यानंतर आठवड्यानं, अशा दोन तारखा आताच लिहून द्या. कॅल्शियमची खरंच गरज असेल तर के२ नसलेली गोळी डॉक्टरांकडून लिहून घ्यावी.

आता मूळ प्रश्न. अफवा नाही, पण व्हिडिओत अर्धंच सांगितलंय.

'रक्त पातळ करायची गोळी' या नावाखाली तीन वेगळी कामं करणारी औषधं येतात आणि एकही रक्त पातळ करत नाही. इकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेल रक्तातल्या बिंबिकांना (प्लेटलेट) एकमेकींना चिकटू देत नाहीत. व्हिटॅमिन के शी त्यांचा काही संबंध नाही, त्यामुळे कॅल्शियमचा हा प्रश्न त्यांना लागूच होत नाही. ॲपिक्साबॅन, रिव्हरोक्साबॅन, डाबिगॅट्रान थेट एका गोठण घटकाला धरतात, त्यांचाही व्हिटॅमिन के शी संबंध नाही. उरतात ॲसिट्रॉम आणि वॉरफेरिन. प्रश्न फक्त या दोघांचा आहे.

यकृतात २, ७, ९ आणि १० क्रमांकाचे गोठण घटक तयार होतात. त्यांना कॅल्शियम पकडता यावं म्हणून शेवटचा हात व्हिटॅमिन के फिरवतं. एकदा काम केलं की ते खर्ची पडतं आणि एक विकर (एन्झाइम) त्याला परत वापरण्याजोगं करतो. ॲसिट्रॉम आणि वॉरफेरिन हा विकर अडवतात. के परत फिरत नाही, घटक अर्धवट राहतात, गुठळी धरायला वेळ लागतो. इथपर्यंत आपल्याला हवं तेच झालं.

पण रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायुपेशी मॅट्रिक्स ग्ला प्रोटीन, थोडक्यात एमजीपी, नावाचं प्रथिन बनवतात. भिंतीत कॅल्शियमचे खडे धरू न देणं हे त्याचं काम, आणि त्यालाही तोच व्हिटॅमिन के चा हात लागतो. गोळी यकृतातला विकर अडवते आणि भिंतीतलाही अडवते. एमजीपी तयार होतं, पण निकामी. १९९७ साली ज्या उंदरांमधून एमजीपीचं जनुकच काढून टाकलं, त्यांच्या धमन्या कॅल्शियमनं कडक होऊन फुटल्या आणि ते दोन महिन्यांच्या आत मेले. १९९८ साली मोठ्या जातीच्या उंदरांना (रॅट) वॉरफेरिन देऊन धमन्यांत आणि हृदयाच्या झडपांत काही आठवड्यांतच कॅल्शियम साचलेलं दाखवलं गेलं. २००७ मध्ये तशाच उंदरांना व्हिटॅमिन के चा मोठा डोस दिल्यावर साचलेलं काही प्रमाणात विरघळलंही. व्हिडिओतली आशा इथून उचललेली आहे.

माणसांत पुरावा एवढा थेट नाही. जास्त वर्षं या गोळीवर असलेल्यांच्या सीटीमध्ये कॅल्शियम जास्त दिसतं, हे अनेक निरीक्षणांत आलंय. पण वय, साखर, बीपी, किडनी आणि तंबाखू यांचा कॅल्शियमवरचा परिणाम मोठा आहे, आणि गोळी लागणाऱ्यांत या गोष्टीही जास्त असतात. शिवाय कॅल्शियम दिसलं म्हणजे झटका येणारच असं नाही. स्टॅटिननंही (कोलेस्टेरॉलची गोळी) कॅल्शियमचा स्कोअर थोडा वाढतो आणि झटके मात्र कमी होतात. नॉर्वेत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांवर झालेल्या चाचणीत (२००२) वॉरफेरिननं ॲस्पिरिनपेक्षा पुढचे झटके कमी केले. रक्तस्राव मात्र वाढला. गोळी धमन्या खराब करून माणसाचा घात करते असा सरळ हिशेब असता, तर हा निकाल उलटा यायला हवा होता.

म्हणून भिंतीत हळूहळू साचणारं कॅल्शियम हा वर्षांचा हिशेब आहे आणि गोळी थांबवल्यावर धरणारी गुठळी हा दिवसांचा. ॲसिट्रॉमचा असर गोळी सोडल्यावर दोन दिवसांत जातो. काउंटरवर हे वाक्य रोज सांगावं लागलं तरी सांगा.

गोळी कुणाची बदलता येते? झडप धातूची असेल तर नाही. डाबिगॅट्रान तिथं वापरून पाहिलं, गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढले म्हणून ती चाचणी मध्येच थांबवली, निकाल २०१३ ला आला. ॲपिक्साबॅनची महाधमनीतल्या एका खास झडपेवरची चाचणीही २०२२ मध्ये गुठळ्यांमुळे बंद करावी लागली. दुसरा गट आपल्या भागात मोठा आहे: लहानपणच्या सांधेतापानं मायट्रल झडप आखडलेले लोक. साडेचार हजार रुग्णांवरच्या चाचणीत (२०२२, त्यात भारतातलेही होते) अशा लोकांत रिव्हरोक्साबॅनपेक्षा जुन्या गोळीवर (ॲसिट्रॉम-वॉरफेरिनच्या जातीच्या) मृत्यू कमी झाले. इको रिपोर्टवर 'मायट्रल स्टेनोसिस' पुढं मॉडरेट किंवा सिव्हिअर असेल तर जुनी गोळीच बरी. अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोमचंही (वारंवार गुठळ्या धरण्याचा एक आजार) तसंच.

बदल शक्य आहे तो तिसऱ्या गटात: ठोके अनियमित, पण झडप धड. त्यांच्या डॉक्टरांना नवी गोळी चालेल का हे जरूर विचारायला सांगा, आणि कॅल्शियमची भीती हे त्याचं पहिलं कारण नाही. डोक्यातला रक्तस्राव कमी होतो आणि दर महिन्याची आयएनआरची चक्कर वाचते, ही कारणं जास्त पक्की आहेत. बदलताना दोन्ही गोळ्या एकत्र घ्यायच्या नाहीत. ॲसिट्रॉम थांबवायची, आयएनआर २ च्या खाली आला की ॲपिक्साबॅन किंवा डाबिगॅट्रान सुरू. रिव्हरोक्साबॅन ३ च्या खाली आल्यावर चालते. क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) आणि वजन पाहिल्याशिवाय डोस ठरत नाही. ॲपिक्साबॅनचा नेहमीचा डोस ५ मिलिग्रॅम दोन वेळा. वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त, यातल्या दोन गोष्टी असतील तर २.५. 'म्हातारं माणूस आहे' एवढ्यावर डोस निम्मा केलेल्या चिठ्ठ्या दिसतात. तुम्हाला दिसली तर डॉक्टरांना एकदा फोन करून विचाराच.

लॅब_परभणी

सरांनी उपचाराचं सगळं सांगितलं. माझं म्हणणं एवढंच की गोळी हलवण्याआधी आकडा खरा आहे का ते बघा.

आयएनआरचं रक्त फिकट निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीत घेतात. रक्त नऊ भाग, सायट्रेट एक भाग. २.७ मिलीच्या नळीत २ मिलीच रक्त भरलं तर सायट्रेट जास्त पडतं, चाचणीच्या वेळी घातलेलं कॅल्शियम ते खाऊन टाकतं आणि आयएनआर खोटाच वाढलेला येतो. रेघेपर्यंत न भरलेली नळी आम्ही परत पाठवतो, त्यावर राग धरू नये.

तालुक्यावरून नमुना येतो तेव्हा कुणी बर्फात घालून पाठवतं. पीटीच्या (रक्त गोठायला लागणारे सेकंद, ज्यावरून आयएनआर काढतात) नमुन्याला बर्फ नको. थंडीनं सातवा घटक जागा होतो आणि वेळ कमी भरते. मे महिन्यात बसच्या टपावर किंवा गाडीच्या काचेमागंही नको. सावलीत, खोलीच्या तापमानाला, त्याच दिवशी पोहोचेल असं बघा.

आणि 'पीटी २८ सेकंद आला' यावर कुणी डोस ठरवू नये. रुग्णाचे सेकंद भागिले नॉर्मल सेकंद, आणि त्याला आयएसआयचा (चाचणीच्या रसायनाच्या पेटीवर दिलेला संवेदनशीलतेचा आकडा) घात, तो आयएनआर. रुग्ण २८, नॉर्मल १३. आयएसआय १.० असेल तर आयएनआर २.१५. आयएसआय १.३ असेल तर २.७. सेकंद तेच, पण मायट्रलच्या झडपेसाठी एक आकडा कमी आणि दुसरा बरोबर. म्हणून शक्यतो एकाच लॅबमध्ये करा आणि रसायनाची पेटी बदलली की आयएसआय बदलून घातला का, हे लॅबला विचारा. विचारण्यात गैर काही नाही.

गोळी रात्री, रक्त सकाळी. म्हणजे रिपोर्ट दुपारी आला तर त्याच रात्रीचा डोस बदलता येतो.

परळी_मेडिकल

बाईंच्या घरी फोन झाला, डॉक्टरांशीही बोलणं झालं, उद्या सकाळी बोलावलंय. दम वगैरे काही नाही, आवाज नेहमीसारखा आहे म्हणाल्या.

भाजीचं मात्र कळलं नाही. भाजी बंद असूनही आकडा उतरतो, मग भाजी बंद करायचा सल्ला बरोबर की चूक? आणि लोक चुना-दूधही बंद करायला निघालेत.

आहार_नांदेड

चूक. अगदी ठामपणे चूक, आणि सगळ्यात जास्त दिला जाणारा सल्लाही हाच.

भाजी पूर्ण बंद केली की शरीरातला व्हिटॅमिन के चा साठा तळाला जातो. मग लग्नातल्या एका ताटानं, कोथिंबिरीच्या मूठभर चटणीनं आयएनआर हलतो. रोज थोडी भाजी खाणाऱ्याचा आकडा जास्त स्थिर राहतो. नियम 'बंद' नाही, 'रोज सारखी' आहे. रोज एक वाटी शिजलेली पालेभाजी असेल तर रोज एक वाटी, आणि डोस त्या वाटीवर बसवून घ्यायचा.

आपल्याकडं खरी अडचण हंगामाची आहे. मार्गशीर्ष-पौषात करडईची भाजी, मेथी, हरभऱ्याचा पाला, शेपू, चाकवत एकदम येतात, वेळ अमावस्येला शेतात भज्जीवर भज्जी होते, आणि चैत्र-वैशाखात तीच माणसं बेसन-भाकरी, डाळ आणि ठेच्यावर येतात. थंडीत आयएनआर उतरतो, उन्हाळ्यात चढतो. म्हणून दिवाळीनंतर पालेभाज्या सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी आणि भाज्या संपल्यावर पुन्हा पंधरा दिवसांनी, अशा दोन तपासण्या नेहमीच्या सोडून जास्तीच्या ठेवा.

तेलाकडं कुणाचं लक्षच जात नाही. १०० ग्रॅम सोयाबीन तेलात साधारण १८० मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन के असतं, करडईच्या तेलात ७ च्या आसपास, सूर्यफुलात ५, शेंगदाण्याच्या तेलात १ सुद्धा नाही. माणशी दिवसाला २५ ग्रॅम तेल धरलं तर सोयाबीनवर ४५ मायक्रोग्रॅम रोज, करडईवर दोनच. फोडणीनं के उडून जात नाही, ते उष्णतेला टिकतं, प्रकाशाला टिकत नाही. कुठलंही तेल वाईट म्हणून सांगत नाही. पण घरात घाण्याचं करडई तेल जाऊन सोयाबीनचा डबा आला, किंवा उलट झालं, तर पंधरा दिवसांत आयएनआर बघा. 'आम्ही काहीच बदललं नाही' म्हणणाऱ्या घरात तेलाचा डबा बदललेला असू शकतो.

आता के२. ॲसिट्रॉमच्याच जातीच्या गोळीवर निरोगी स्वयंसेवकांना ठेवून के२-७ चे छोटे डोस देऊन पाहिले, तर दिवसाला १० मायक्रोग्रॅमनंही काहींचा परिणाम कमी झाला. बाजारातल्या कॅल्शियमच्या गोळ्यांत याच्या कितीतरी पट असतं. डब्यावर ते के२-७, एमके-७ किंवा मेनाक्विनोन-७ अशा तीन नावांनी येतं, तिन्ही एकच. डब्यातल्या पोषण पावडरी आणि मल्टिव्हिटॅमिनमध्येही के असतं, तेही वाचा.

के२ घेतल्यानं माणसाच्या धमन्या मोकळ्या होतात असंही सिद्ध झालेलं नाही. डेन्मार्कमध्ये महाधमनीच्या झडपेत कॅल्शियम असलेल्या ३६५ पुरुषांवर २ वर्षं चाचणी झाली. रोज ७२० मायक्रोग्रॅम के२-७ आणि सोबत डी व्हिटॅमिन दिलं, तरी कॅल्शियम वाढायचा वेग कमी झाला नाही. उंदरांत जे झालं ते इथं झालं नाही. शिवाय ॲसिट्रॉमवरचा माणूस तेवढा डोस घेईल तर गोळीच निकामी होईल.

दूध बंद करू नका. धमनीतलं कॅल्शियम दुधातून किंवा चुन्यातून थेट जाऊन बसत नाही. भिंतीतल्या पेशीच हाडाच्या पेशीसारख्या वागायला लागतात, त्यामागं साखर, किडनीमुळं वाढलेलं फॉस्फरस, वय आणि तंबाखू असतात. चुना तंबाखूसोबत जात असेल तर सोडायची ती तंबाखू.

डायलिसिस_जालना

एका गटाचं राहिलं. डायलिसिसवरच्या रुग्णाला ॲसिट्रॉम किंवा वॉरफेरिन चालू असेल तर हा विषय वर्षांचा राहत नाही. मांडी, पोट, नितंबावर जाळीदार जांभळे डाग, हात लावू न देणारं दुखणं, मग काळी खपली, याला कॅल्सिफायलॅक्सिस म्हणतात. त्वचेच्या बारीक धमन्यांत कॅल्शियम बसतं आणि ही गोळी त्याचं ठाऊक असलेलं एक कारण आहे. मलम देऊन वाट बघू नका, त्याच दिवशी किडनीच्या डॉक्टरांकडं. गोळी थांबवायची की बदलायची तेच सांगतील. डायलिसिसवाल्यांचं फॉस्फरस दर महिन्याला पाहिलं जातंय ना, आणि फॉस्फरस बांधायची गोळी जेवणासोबतच घेतात ना, हे काउंटरवर विचारता येईल. जेवणानंतर तासाभरानं घेतलेली ती गोळी फुकट जाते.

परळी_मेडिकल

फार उपयोग झाला. अजून एक. ज्यांची गोळी बदलून रिव्हरोक्साबॅन झाली, त्यांच्या उपवासाचं काय? आमच्याकडं एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार मोडत नाहीत.

आणि काउंटरवर लावायला हे लिहिलंय, तपासून द्या:

'ॲसिट्रॉम / वॉरफेरिन घेणाऱ्यांनी गोळी स्वतःहून बंद करू नये. इकोस्प्रिनचा कॅल्शियम साचण्याशी संबंध नाही. पालेभाजी बंद करू नये, रोज सारखी खावी. के२ असलेली कॅल्शियमची गोळी घेऊ नये, चालू असल्यास आजच बंद करावी. दुखण्यावरची गोळी, अँटिबायोटिक, बुरशीची गोळी किंवा टीबीची औषधं सुरू झाल्यास आयएनआर तपासावा.'

हृदयरोग_लातूर

रिव्हरोक्साबॅन १५ आणि २० मिलिग्रॅमची गोळी भरल्या पोटीच घ्यायची, रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. उपवासाला भगर, साबुदाणा, राजगिरा जे काही खातात त्या खाण्यासोबत घ्यावी. नुसत्या चहावर नाही. निर्जळ करणाऱ्यांनी डॉक्टरांना आधी सांगावं, त्यांना ॲपिक्साबॅन सोयीची पडू शकते, तिला जेवणाची अट नाही. पण ती दोन वेळा घ्यावीच लागते. या नव्या गोळ्यांचा असर दिवसभरात उतरतो आणि चुकलेला डोस आयएनआरमध्ये दिसतही नाही.

कागद चांगला झालाय. शेवटच्या ओळीत दोन गोष्टी जोडा: दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक स्वतःहून घेऊ नये, आणि कमरेत इंजेक्शन घेण्याआधी ही गोळी चालू असल्याचं सांगावं, कारण स्नायूत रक्ताची गाठ होते. आणि मेट्रोनिडॅझोल, कोट्रायमॉक्साझोल, फ्लुकोनॅझोलनं आयएनआर वर जातो, टीबीच्या रिफॅम्पिसिननं खाली येतो. रिफॅम्पिसिन संपल्यावर तो पुन्हा चढतो, तेव्हाही तपासणी हवी.

के२ ची ओळ मात्र बदला. 'आजच बंद करावी' नको. एखाद्याला ती गोळी सहा महिने चालू असेल आणि ॲसिट्रॉम तिच्यावर बसवलेली असेल, आयएनआर बरोबर असेल, तर अचानक बंद केल्यावर आकडा चढून रक्तस्राव होईल. असं लिहा: 'के२ असलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूही करू नये आणि बंदही करू नये. दोन्हीपैकी काहीही केलं तर चार दिवसांनी आणि पुन्हा आठवड्यानं आयएनआर.'